जी उठली ती

देशाच्या हॉकी संघात ती सगळ्यांत बुटकी. म्हणून सगळे तिला बारकी म्हणायचे, आणि हे नाव तिला इतकं चिकटलं होतं की खुद्द तिची आईसुद्धा फोन केला की "बारकी आहे का?" असंच विचारायची. तिची जागा सेंटर फॉरवर्डची. पण खरं सांगायचं तर बराच काळ तिची जागा राखीव बाकावरच होती. पायांत वेग होता, पळता पळता चेंडू अडवायची हातोटी होती, पण गोलसमोरच्या डीमध्ये शिरली की तिचं काहीतरी बिनसायचं. समोर गोल, गोलरक्षक एकटी, चेंडू स्टिकला लागलेला, आणि बारकी तो शेजारणीकडे ढकलून मोकळी! डाव्या अंगाला आलेला चेंडू स्टिक उलटी फिरवून मारायचा फटका तर तिला कधी जमलाच नव्हता.

"अगं, चेंडू आहे तो, निखारा नाही," संघाचे प्रशिक्षक एकदा वैतागून म्हणाले होते. त्यांना सगळ्या जणी सर म्हणत. "जरा वेळ ठेव की जवळ!"

सगळा संघ हसला. बारकीही हसली. तिला तेवढंच यायचं.

घरी आई आणि वडील. वडील कवळ्या बनवायचे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम चाले. टेबलावर प्लास्टरची पांढरी भुकटी, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, निळ्या ज्योतीचा छोटा दिवा, आणि भिंतीलगत फळीवर लोकांच्या जबड्यांचे साचे ओळीने मांडलेले. रस्त्यावरून एखादा म्हातारा हसत गेला की ते हळूच म्हणायचे, "माझं काम." खेळताना दातांवर घालायचं बारकीचं माउथगार्डही तेच बनवून द्यायचे. आई बसस्थानकाच्या तिकीट खिडकीवर बसायची. दिवसभर माणसांशी बोलून आली तरी तिचं बोलणं उरायचं, आणि घरात ते घ्यायला कुणी नसायचं. नवरा मुका नव्हता, पण असून नसल्यासारखा. मुलगी त्याच्यावर गेलेली. "मी काय फळीवरच्या जबड्यांशी बोलू?" असं आई चिडून म्हणायची, आणि त्यावरही ही दोघं नुसती हसायची.

त्या वर्षी मोठ्या स्पर्धेची उपांत्य फेरी परदेशात होती. संघ एका गोलने मागे होता, आणि पहिल्या फळीतली एक मुलगी लंगडत बाहेर आली म्हणून सरांनी बारकीला आत पाठवलं. आत जाऊन ती धड दमलीही नव्हती, तोच विरुद्ध संघाच्या बचावपटूने मारलेला चेंडू उसळला आणि बारकीच्या कानशिलावर आदळला.

ती पडली. टर्फवर नुकतंच पाणी मारलेलं होतं, त्याचा रबरी, ओला वास नाकात शिरला. वर खूप चेहरे होते. एवढं तिला आठवत होतं.

त्यानंतरचं तिला आठवलं ते थेट बसमधलं. केस ओले, अंगात कोरडे कपडे, शेजारी संघाची गोलरक्षक बसलेली. तिला सगळ्या भिंत म्हणायच्या, कारण तिच्या पॅडमधून चेंडू क्वचितच पलीकडे जायचा. पुढच्या मुली गळा फाडून गात होत्या.

"जिंकलो?" बारकीने विचारलं.

भिंतीने तिच्याकडे वळून बघितलं. "आता कळतंय होय तुला? दोन गोल मारलेस की! दोन्ही उलट्या स्टिकने. कुठे लपवून ठेवलं होतंस एवढे दिवस?"

बारकी हसली. त्यातला एकही गोल तिला आठवत नव्हता.

संघाचे फिजिओ म्हणाले, मी मैदानात सगळे प्रश्न विचारले होते, तू सगळ्यांची उत्तरं बरोबर दिलीस. स्पर्धा कोणती, समोर कोण, गोल किती. डोक्याचं स्कॅन काढलं, त्यात काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाल्या, मार लागल्यावर थोडा वेळ पुसला जातो कधी कधी, तो शोधत बसू नकोस. ते ऐकून बारकीला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी व्हिडिओच्या खोलीत सामना दाखवला आणि ते बरं वाटणं तिथल्या तिथे संपलं.

पडद्यावर आठ नंबरचा शर्ट घातलेली एक मुलगी खेळत होती. उंची बारकीची, वेणी बारकीची, गुडघ्यावरची पट्टीसुद्धा बारकीचीच. पण ती चेंडूकडे बघत नव्हती. चेंडू येईल त्या जागी ती आधीच जाऊन उभी असायची, मान किंचित तिरकी करून, एखाद्या अनोळखी घरात आल्यासारखी इकडेतिकडे बघत. चेंडू आला की स्टिक उलटी फिरायची आणि जाळं हलायचं. गोल झाल्यावर सगळ्या जणींनी तिला मिठ्या मारल्या. ती मात्र हात खाली सोडून तशीच उभी होती. मिठीचं काय करायचं असतं, हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं जणू.

बारकीने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. वर्तमानपत्रात फोटो आला होता. अंतिम सामना हरूनही रुपेरी पदक मिळालं होतं. हे सगळं माझं नाही, असं सांगायला कुणाची जीभ उचलेल?

घरी आल्यावर वडिलांनी नेहमीप्रमाणे माउथगार्ड मागून घेतलं. मोहिमेवरून आली की ते घासूनपुसून, कडा सारख्या करून द्यायचे. दिव्याखाली धरून ते बराच वेळ बघत राहिले.

"हे कुणाला दिलं होतंस?"

"कुणाला देणार बाबा? दुसऱ्याचं दुसऱ्याला बसतं तरी का?"

"बसतं तर नाही." त्यांनी ते उलटंसुलटं केलं. "तू लहानपणापासून डावीकडे चावतेस. हे उजवीकडे चावलंय. जोरात."

"मार लागला होता ना," ती म्हणाली.

त्यांनी नवं बनवून दिलं, आणि जुनं फेकलं नाही.

दुसऱ्यांदा झालं तेव्हा मारही लागला नव्हता. मायदेशातच सामना होता, बरोबरीत चाललेला. डीच्या कडेवर चेंडू तिच्याकडे आला, समोर गोलरक्षक एकटीच उभी, प्रेक्षक उठून उभे राहिले. बस्स. पुढचं आठवतं ते बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडतानाचं. आणखी एक गोल. उलट्या स्टिकने.

मग ते होतच राहिलं. कधी शेवटचा थोडा वेळ, कधी मध्यंतरानंतरचा सगळा खेळ. बारकीचं नाव झालं. परदेशातल्या मोठ्या क्लबने बोलावलं. विमानतळावर मुली सह्या मागायला यायच्या आणि विचारायच्या, "ताई, तो फटका कसा मारता?" ताई हसून म्हणायची, "सराव." एकटी असताना ती तो फटका मारून बघायची. चेंडू दहातल्या नऊ वेळा तिच्याच पायावर यायचा.

शेवटी तिला राहवेना. एका दुपारी ती व्हिडिओच्या खोलीत गेली. सर एकटेच खुर्चीवर बसून कुठलासा जुना सामना बघत होते.

"सर, एक सांगायचं होतं." ती दारातच उभी राहिली. "गोल मारते ती मी नाही."

सरांनी पडदा थांबवला. खोलीत यंत्राच्या पंख्याची घरघर तेवढी राहिली. ते हसतील, असं तिला वाटलं होतं. निदान डॉक्टरकडे पाठवतील.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवसापासून. तुला चेंडू लागला तेव्हा मी धावत आत आलो होतो ना? तू डोळे उघडलेस आणि माझ्याकडे बघितलंस." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पण परत लावला नाही. "मी मध्यंतरात सगळ्यांशी बोलतो. तिच्याशी बोलत नाही. तिच्याकडे बघतही नाही. तुझ्या लक्षात यायचा प्रश्नच नाही म्हणा."

"मग तुम्ही मला संघात का ठेवता?"

"तुला वेड लागलंय का गं? गोल होतायत." हे त्यांनी इतक्या हळू म्हटलं की ते तिला म्हणाले की स्वतःला, ते तिला कळलं नाही. मग त्यांनी पुन्हा सामना चालू केला.

भिंत मात्र गप्प बसणारी नव्हती. परदेशातल्या क्लबातही दोघी एकाच संघात, एकाच खोलीत राहायच्या. एका सकाळी सरावानंतर तिने पॅड काढले, दार लावून घेतलं आणि बारकीच्या समोर पलंगावर बसली.

"आज सरावात तू पेनल्टी स्ट्रोक मारत होतीस. आठवतंय?"

"पहिले दोन."

"पुढचे ती मारत होती." भिंत सहा फुटी, खांद्याने दरवाजा भरून टाकणारी बाई. काढलेले पॅड ती मांडीवर घट्ट धरून बसली होती. "मी एकही अडवू शकले नाही. शेवटी म्हटलं, पुरे बाई आता. तर ती अगदी जवळ आली. हेल्मेटच्या जाळीतून आत बघितलं. आणि म्हणाली, 'बारकीला सांग, दमली असेल तर बसू दे तिला बाकावर. मी आहे.'"

"माझ्या आवाजात?"

"तुझ्याच. तेच तर. तुझाच आवाज, पण तू इतकं मोकळं कधी बोलतेस?"

बारकीला हसू आलं आणि त्याच वेळी अंगावर काटा आला.

"वाईट वागली का गं तुझ्याशी?"

"नाही ना! मला पाणी आणून दिलं. खांद्याचं विचारलं, तो दुखतोय हे मी कुणाला सांगितलंही नव्हतं." भिंतीने डोळे पुसले. "वाईट वागली असती तर बरं झालं असतं."

हंगाम संपला. घरी जायचं विमान पकडलं, एवढं बारकीला आठवत होतं. खिडकीची जागा होती, पंखावर ऊन होतं. डोळा लागला असेल.

ती जागी झाली ती स्वयंपाकघरात, ओट्याशी उभी. हातात सुरी, समोर अर्धा चिरलेला कांदा, डोळ्यांत पाणी. आई स्टुलावर बसून पोट धरून हसत होती. आईला असं हसताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

"अगं मग? पुढे काय म्हणाला तो?" आईने विचारलं.

"कोण?"

"तो ड्रायव्हर गं! बस उलटी घेतली, शिटी वाजवली, आणि मग?"

कुठला ड्रायव्हर? कुठली बस? बारकीने सुरी खाली ठेवली. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलेलं होतं. तिच्या अंगात एक ब्लाउज होता, तो तिचा नव्हता, पण छान शिवलेला होता. बाहेर दोरीवर तिचे कपडे वाळत होते, आईने नाही, आणखी कुणीतरी नीट चिमटे लावून घातलेले.

आईचं हसणं हळूहळू विझलं. तिने बारकीच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग उठली, कांदा स्वतःकडे ओढला आणि चिरायला लागली. "जा, पड जरा," ती म्हणाली. नेहमीच्या आवाजात.

पुढच्या खोलीत वडील पाठमोरे बसले होते. तिची चाहूल लागली तशी त्यांनी न वळताच गुलाबी मेणाची एक पट्टी दिव्यावर धरली, मऊ केली आणि मागे हात करून तिच्यापुढे धरली.

"चाव."

तिने चावली. त्यांनी ती उजेडात बघितली. मग वळले, आणि त्यांचा चेहरा बघून बारकीला रडू फुटलं. ते म्हातारे दिसत होते.

"रोज चावायला देत होतो," ते म्हणाले. "ती पण चावायची बिचारी, काही न विचारता. रोज उजवीकडे." टेबलाच्या कडेला पट्ट्यांचा ढीग पडला होता. "जेवायला मी तुमच्यात बसलो नाही. आईला सांगितलं, काम आहे."

"आईला कळलंय का?"

"तिला ती आवडते," वडील म्हणाले. "एवढंच मला कळलंय."

त्या दुपारी बाप-लेक कधी नव्हे इतकं बोलले. म्हणजे दोघं मिळून पाच-सहा वाक्यं. जाताना काय होतं गं तुला, असं वडिलांनी विचारलं. काही होत नाही, असं ती सांगणार होती. मग थांबली. ज्या ज्या वेळी ती गेली, त्या त्या वेळी त्याच्या आधीचा क्षण तिने आठवून बघितला. डीची कडा. उठून उभे राहिलेले प्रेक्षक. विमानात, घरी गेल्यावर आईशी काय बोलायचं याची धास्ती. आणि सगळ्यात आधी तो ओला टर्फ, कानशिलात पेटलेली आग, वर वाकलेले चेहरे, आणि त्या सगळ्यांना तिने उठून दाखवावं अशी अपेक्षा.

"मला नको वाटतं, बाबा," ती म्हणाली. "पडले होते तेव्हा मनात म्हटलं होतं, मला नाही उठायचं. कुणीतरी दुसरं उठा."

वडिलांनी दिवा मालवला. "आणि उठलं कुणीतरी," ते म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात सगळ्यांत मोठी स्पर्धा होती. बारकीने मनाशी ठरवलं, आता नको वाटू द्यायचं नाही. हे बोलायला सोपं. दर सामन्यात तिचे नाकी नऊ येत. चेंडू आला की तेच जुनं भय पोटातून वर यायचं, आणि त्याच्या मागोमाग उजव्या खांद्याशी कुणीतरी येऊन उभं राहायचं. बदली खेळाडू सीमारेषेवर उभी राहते तशी, घाई न करता. तिचा श्वास ऐकू यायचा. बारकी दात आवळायची आणि खेळत राहायची. वाईट खेळायची. संघ इतर मुलींच्या जोरावर अंतिम सामन्यापर्यंत गेला, आणि वर्तमानपत्रांत आलं की बारकी मोठ्या सामन्यासाठी हातचं राखून खेळते आहे.

अंतिम सामन्याच्या मध्यंतरात सर सगळ्यांशी बोलले. मग सगळ्या पाणी प्यायला वळल्या तेव्हा ते बारकीजवळ आले आणि प्रथमच तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. त्यांचे खांदे पडले.

"अजून तूच आहेस?" ते म्हणाले.

या तीन शब्दांचा घाव चेंडूपेक्षा खोल गेला. पण त्या घावाने तिचं भलंच केलं. भयाच्या जागी तिला राग आला, आणि रागाच्या भरात ती दुसऱ्या अर्ध्यात इतकी धावली की विरुद्ध संघाच्या बचावफळीची दमछाक झाली. एका गोलने मागे असताना अगदी शेवटाकडे तिला डीमध्ये आडवं पाडलं. पंचांनी पेनल्टी स्ट्रोक दिला. तो मारायचा होता तिनेच.

चेंडू ठिपक्यावर ठेवला. समोर गोलरेषेवर निळ्या पॅडमधली गोलरक्षक. मैदान एकदम शांत झालं. आणि मागे, उजव्या खांद्याशी, ती. यावेळी तिचा श्वासच नव्हे, ऊब जाणवत होती. खूप थकलेल्या माणसाच्या पाठीवर कुणी हात ठेवावा तशी. किती सोपं होतं! नुसतं मनात म्हणायचं. जाळं हललं असतं, देश नाचला असता, आणि बारकीला ते सगळं नंतर पडद्यावर बघायला मिळालं असतं.

तिने मागे वळून बघितलं तर आपल्या मुलींचे चेहरे दिसले, मधल्या रेषेवर एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून उभ्या. या माझ्याकडे बघतायत की तिच्याकडे? भिंत लांब, दुसऱ्या टोकाच्या गोलात उभी होती. तिने हेल्मेट काढलं होतं. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण ती मान हलवत होती. नको, नको.

"हा माझा आहे," बारकी म्हणाली. मोठ्याने म्हणाली. पंचांना वाटलं, ती काही विचारतेय.

शिटी वाजली. तिने चेंडू ढकलला, उजवा वरचा कोपरा धरून. फटका वाईट नव्हता. गोलरक्षकाने हात टाकला, चेंडू हातमोज्याला लागून खांबाबाहेर गेला.

सामना संपेपर्यंत बारकी धावत होती. संपल्यावर ती जिथे होती तिथे बसली आणि हुंदके देऊन रडली. रडता रडता तिच्या लक्षात आलं की खांद्यामागे कुणी नाही.

लोकांनी तिला काय काय म्हटलं, ते सांगण्यात अर्थ नाही. माणूस हरल्यावर जे म्हणतात ते सगळं म्हणून झालं. सरांनी पुढच्या संघात तिला घेतलं नाही आणि वर्षभरात स्वतःही पद सोडलं. क्लबने करार वाढवला नाही. ती घरी आली तेव्हा वडील दारातच उभे होते. त्यांनी मेणाच्या पट्टीला हातही लावला नाही. नुसतं तिच्याकडे बघितलं आणि बॅग उचलून आत नेली.

बारकी एका शाळेत मुलींना हॉकी शिकवू लागली. सकाळी शाळा, दुपारी वडिलांच्या टेबलावर साचे घासायचं काम. तिचं तिला बरं चाललं होतं. आईशी मात्र पुन्हा जुनंच सुरू झालं. आई तिकीट खिडकीवरून यायची, काहीतरी सांगायला सुरुवात करायची, समोरचा चेहरा बघायची आणि मध्येच थांबायची.

भिंत अजून खेळत होती. एक दिवस परदेशातून तिचा फोन आला. बारकी आणि आई टेबलाशी बसून शेंगा सोलत होत्या.

"बसली आहेस ना?" भिंतीने विचारलं. "आज सामना होता. त्यांच्या संघात एक नवी पोरगी आहे, जेमतेम विशीची. मागच्या महिन्यात डोक्याला चेंडू लागला होता म्हणे. आज तिने माझ्यावर तीन मारले. उलट्या स्टिकने."

बारकीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"सामना संपल्यावर हात मिळवायला आली," भिंत पुढे म्हणाली. "आपली भाषा तिला कुठून येणार गं? त्यांच्याकडची मुलगी ती. तर माझा हात धरून म्हणाली, अगदी आपल्यासारखं स्वच्छ, 'खांदा बरा आहे का?' मी पळून आले. मी हेल्मेटसुद्धा तिथेच टाकून आले."

बारकीने कसंबसं दोन शब्द बोलून फोन ठेवला. आई तिच्याकडेच बघत होती. फोनमधला आवाज मोठा होता, सगळं ऐकू गेलं होतं.

"बरी आहे ना ती?" आईने विचारलं.

बारकीला आधी कळलंच नाही, आई कुणाबद्दल विचारतेय. मग कळलं.

"तुला माहीत होतं?"

"विमानतळावरून आलीस तेव्हाच. दारातून आत आली आणि म्हणाली, 'आई, किती दमलेली दिसतेस.' तू कधी म्हटलं होतंस का असं?" आईच्या बोलण्यात राग नव्हता. ती शेंगांची टरफलं एका बाजूला सारत होती. "तिला थंडी फार वाजायची. भर उन्हाळ्यात पांघरूण मागायची. परक्या मुलखात कोण देणार तिला पांघरूण?"

"मग तू बोलली का नाहीस मला? बाबांना?"

"बोलले असते तर गेली असती," आई म्हणाली.

बारकी उठून अंगणात गेली. आधी तिला भीती वाटली, मग हेवा. मग बराच वेळ काहीच वाटलं नाही. पुढच्या खोलीतून बाबांच्या कानशीचा खरखर आवाज येत होता. आपण हाकलली ती कोण होती? इतके दिवस तिने स्वतःला विचारलं होतं की ती माझं काय करेल. ती कुठे जाईल, हे एकदाही विचारलं नव्हतं.

तिने भिंतीला उलट फोन लावला. "पुन्हा त्यांच्याशी सामना आहे का?"

"साखळीत आहे एक. का?"

"त्या मुलीला सांग, आई विचारत होती."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"सांग फक्त. आणि सांग, थंडी वाजत असेल तर पांघरूण मागून घे म्हणावं. लाजू नकोस म्हणावं."

भिंतीने फोन ठेवला. पुढचे कितीतरी दिवस तिचा फोन आला नाही, आणि बारकीलाही करवला नाही. मग एका दुपारी, शाळेतून घरी येत असताना, रस्त्यातच भिंतीचा निरोप आला. एकच ओळ होती.

"सांगितलं. सगळ्यांसमोर रडली, थांबेचना."

बारकीने ती ओळ तिथेच उभ्या उभ्या पुन्हा पुन्हा वाचली. मग घरी जाऊन आईला वाचून दाखवली. आईने ऐकून घेतलं. मागच्या दारी गेली, दोरीवरचे वाळलेले कपडे काढले आणि पायरीवर बसून घड्या घालू लागली. थोड्या वेळाने बारकी तिच्या शेजारी जाऊन बसली. चादर मोठी होती. तिने दुसरं टोक धरलं.